घर बंद होतं

बहरीनला आलो तेव्हा पंपातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. साहेबांनी तो पहिल्याच आठवड्यात उतरवला. जहाजावरून काढून आणलेला एक भला मोठा पंप वर्कशॉपमध्ये चालू होता. त्यांनी मला त्याच्यावर तळहात ठेवायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले.

"काय कळतं?"

"गरम आहे, सर."

"गरम तर सगळं बहरीन आहे. आणखी?"

मला आणखी काही कळत नव्हतं. ते घाई न करता शेजारी तसेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं हाताला खरोखरच काहीतरी जाणवलं. मोठ्या थरथरीच्या खाली दुसरी एक बारीक थरथर, जरा वेगळ्या तालाची. मी तसं सांगितलं.

"बेअरिंग," ते म्हणाले. "आता डोळे उघड आणि ते बदल. यल्ला, चल लवकर."

साहेब आमच्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपचे प्रमुख होते. स्कॉटलंडचे, उंच, किडकिडीत, उन्हानं कायमचे लाल झालेले. लग्न केलेलं नव्हतं. विशीत बहरीनला आले ते इथलेच झाले. बुदैयाला एका जुन्या बागेच्या कडेच्या छोट्या घरात एकटे राहत. वर्कशॉपमध्ये केरळचे, पंजाबचे, पाकिस्तानचे, फिलिपिनो असे सगळे होते, आणि सगळे त्यांना साहेबच म्हणत.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला होता. डोंगर, त्यांच्या पायथ्याशी करड्या पाण्याचं लांबट तळं, काठावर पंधरा-वीस पांढरी घरं आणि एक लहानसं चर्च. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं गाव. आणि तो लॉख, म्हणजे तळं." त्यातला 'ख' ते घशातून खरवडून काढायचे, इथले लोक 'खलास' म्हणताना काढतात तसा. "म्हणून मला अरबी सोपी गेली. इंग्रजांना हा 'ख' येत नाही."

मी म्हणालो, "माझं गावही तळ्याकाठी आहे, सर. मागे डोंगर आहेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचा नातेवाईक निघालो. माझं गाव गोंदिया जिल्ह्यातलं. आमच्याकडे पूर्वीच्या मालगुजारांनी बांधलेली तळी जागोजाग आहेत. मी त्यांना शिंगाडे सांगितले, हिवाळ्यात उतरणारे पक्षी सांगितले, ढिवरांची जाळी सांगितली. त्यांना सगळं हवं होतं. पाणी किती खोल, गोठतं का, बोटी कुठल्या लाकडाच्या. तळ्याच्या कुठल्या घाटावर आमच्या मोहल्ल्यानं पाणी भरायचं नाही, हे तेवढं मी सांगितलं नाही. माझ्या आजाच्या वेळची ती गोष्ट. पण बाबांच्या चालण्याबोलण्यात ती शेवटपर्यंत होती.

त्यानंतर शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो. तेव्हा आम्ही शहरातल्या नईम नावाच्या वस्तीत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मुलगी दुसरीत होती. बुदैयाची बाग म्हणजे तिला मोकळं रान. साहेब तिला समुद्रकाठी नेत आणि चपटे दगड पाण्यावरून उड्या मारत कसे पाठवायचे ते शिकवत. बायको डब्यात काहीतरी घेऊन यायची. त्यांना तिची तिखट वांग्याची भाजी चालायची, घाम पुसत पुसत खायचे.

बहिणीबद्दल त्यांनी मला सांगितलं ते असंच एका शुक्रवारी, बागेत बसून. त्या गावात त्यांची धाकटी बहीण राहत होती, एकटी, आईवडिलांच्या घरात. अकरा वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा बहिणीनं 'ये' म्हणून फोन केला. गोदीत तेव्हा एक मोठं जहाज उभं होतं. हे म्हणाले, "दोन आठवड्यांत येतो." आई नवव्या दिवशी गेली. पुन्हा फोन आला तेव्हा बहीण म्हणाली, "आता येऊ नकोस."

"आणि मी गेलो नाही," साहेब म्हणाले. "तिनं सांगितलं ते ऐकलं. मूर्खासारखं ऐकलं. मग दोनदा पत्र लिहिलं. उत्तर नाही."

"फोन, सर?"

"फोनवर मी काय बोलणार? मला बोलता येत नाही." एवढं सगळं बोलून झाल्यावर ते असं म्हणाले.

त्याच सुमाराला मला ग्लासगोला ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं. दोन आठवड्यांचा कोर्स. माझं नाव साहेबांनीच सुचवलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खजुराचा एक डबा आणि एक बंद पाकीट दिलं. मधल्या शनिवारी सुट्टी असेल, ग्लासगोहून आधी मोठ्या गावापर्यंत बस, तिथून लहान बस, घर चर्चपासून चौथं, लोखंडी फाटक, असं सगळं त्यांनी एका कागदावर काढून दिलं.

"पोस्टानं दोनदा पाठवून झालं," ते म्हणाले. "या खेपेला हातात दे. रागावली तर तुझ्यासमोर मला काय वाटेल ते बोलेल. तू मनावर घेऊ नकोस. ती बोलली तर मला चालेल. काहीही बोलली तरी चालेल."

मी म्हणालो, "इंशाल्ला, सर. देतो."

शनिवारी सकाळी मी निघालो. लहान बसमध्ये ड्रायव्हर धरून आम्ही पाच जण होतो. रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून दुसरी आली की कुणीतरी कडेला थांबायचं. डोंगरावरचं गवत गंजाच्या रंगाचं झालेलं. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या, हॉर्न दिला तरी सावकाश उठायच्या. पाऊस असा पडत होता, की पडतोय की नुसता हवेत आहे ते समजू नये. मग एका वळणावर तो लॉख दिसला. फोटोत होता त्याच्यापेक्षा बराच मोठा, आणि इतका स्थिर, की मला बस थांबल्यासारखी वाटली.

ड्रायव्हरनं सांगितलं, हीच बस पुढच्या गावाला जाऊन चाळीस मिनिटांनी परत येईल; आजची ती शेवटची. चाळीस मिनिटं म्हणजे पुष्कळ वेळ होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण नंतर बरीच वर्षं मी स्वतःला वेळ नव्हता असं सांगत आलो.

घर लगेच सापडलं. लोखंडी फाटक, आत बटाट्याचे वाफे, धुराड्यातून धूर. वाफ्यात एक बाई फावडं घेऊन खणत होत्या. पुरुषी कोट, पायात रबरी बूट, पांढरे आखूड केस. त्यांनी मान वर केली आणि मला साहेबांचं नाक दिसलं. तेच लांब, मधे जरासं मोडल्यासारखं नाक. ओळखायला दुसरं काही लागलं नसतं.

मी फाटकापाशी उभा राहिलो. फाटकाला कडीसुद्धा नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. बाबा कुणाच्या घरी गेले की फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायचे आणि आतून 'ये' म्हणेपर्यंत पाऊल टाकायचे नाहीत. 'ये' म्हटलं तरी अंगणाच्या कडेलाच थांबायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभं राहून मनात ठरवलं होतं, की मी असं कधी करणार नाही. डिप्लोमा केला, परदेशात आलो, साहेबांच्या टेबलाशी बसून जेवलो. आणि तिथे, हजारो मैलांवर, पावसात, एका लोटलेल्या फाटकाला मला हात लावता येईना. हे कारण मी स्वतःला बऱ्याचदा दिलं आहे. ते किती खरं आणि किती सोयीचं, ते मला अजूनही सांगता येत नाही. दुसरं साधं कारणही होतं. मला त्या बाईंची भीती वाटली. त्या रागावतील, मला त्यांचे उच्चार कळणार नाहीत, मी मधे बावळटासारखा उभा राहीन, याची भीती.

"बस चुकली का तुमची?" त्यांनी विचारलं. त्यांचा शब्द न् शब्द मला कळला.

मी म्हणालो, "बस... परतीची बस कुठून मिळते?"

"चर्चपाशी. अजून वेळ आहे तिला." त्यांनी फावडं मातीत रोवलं आणि हात पुसले. "पावसात कशाला उभे राहता? आत या. चहा होईल तेवढ्यात."

खजुराचा डबा माझ्या पिशवीत होता. पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात होतं. मी म्हणालो, "नको, थँक यू." आणि चर्चकडे चालू लागलो.

चर्चच्या आडोशाला मी अर्धा तास उभा होतो. तिथून ते धुराडं दिसत होतं. मी तीनदा निघालो आणि तीनदा परत फिरलो. मग बस आली.

खजूर कोर्समधल्या लोकांना वाटले. सगळ्यांनी चांगले आहेत म्हणून सांगितलं.

परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी बुदैयाला गेलो. साहेब दारातच उभे होते. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी जाताना गाडीत ठरवलं होतं, की खरं ते सांगायचं: मला धीर झाला नाही, मला माफ करा. पण तो इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "घर बंद होतं, सर."

"बंद?"

"हो. कुणी नव्हतं."

"तू दार वाजवलंस?"

"वाजवलं. दोनतीनदा."

"धूर होता का धुराड्यातून?"

इथे मी 'नव्हता' म्हणालो असतो तर कदाचित निराळं झालं असतं. पण ज्या घराकडे मी अर्धा तास पाहत उभा होतो, ते घर डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणालो, "धूर होता."

मी घाईघाईनं लॉखचं सांगू लागलो. पाणी किती स्थिर होतं, मेंढ्या कशा उठत नव्हत्या, काठावर पालथ्या घातलेल्या दोन बोटी होत्या. ते सगळं खरं होतं. ते ऐकत होते, मान हलवत होते. "अजून पालथ्याच ठेवतात," एवढं म्हणाले. मग म्हणाले, "ती आत असणार. खिडकीतून तुझ्याकडे पाहिलं असणार. परका माणूस, माझ्या वयाचा नाही, हातात खजुराचा डबा. तिला बरोबर कळलं असणार कुणी पाठवलं ते."

"तसं नसेल, सर. बाहेर गेल्या असतील."

"शेगडी पेटती ठेवून ती कुठे जात नाही. आईची शिकवण आहे ती." त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट परत दिलं. डब्याचं त्यांनी विचारलं नाही. "दार उघडलं नाही म्हणजे उत्तर मिळालं. खलास."

पुढच्या आठवड्यात कपाटाच्या दारावरचा तो फोटो नव्हता.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. सगळ्यांना वाटलं, आता गावी जातील. वर्कशॉपमधल्या निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी तसं म्हणालंसुद्धा. साहेब हसून म्हणाले, "तिथे फार थंडी असते." एका जुन्या ओळखीच्या बहरीनी गृहस्थानं त्यांच्या राहण्याच्या कागदपत्रांची सोय केली आणि ते बुदैयालाच राहिले.

बायकोला मी हे सांगितलं ते त्या कार्यक्रमाहून परत येताना. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती भंडाऱ्याची. चिडली की तिची तिकडची बोली बाहेर येते.

"काहून असं केलं जी तुम्ही?"

"झालं."

"झालं म्हणून काय? सांगून टाका त्यायले. म्हातारा माणूस आहे. आपल्या बहिणीनं तोंडावर दार लावलं असं समजून बसला आहे."

"सांगेन."

"कधी?"

पुढच्याच शुक्रवारी मी सांगायला गेलो. खरंच त्यासाठीच गेलो होतो. मुलीला आणि बायकोला घरी ठेवून एकटा गेलो. साहेब झाडांना पाणी घालत होते. मी सुरुवात केली, "सर, त्या ग्लासगोच्या वेळचं मला तुम्हाला..." त्यांनी नळ बंद केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तुला कधी नीट थँक यू म्हटलं नाही त्याबद्दल," ते म्हणाले. "तुझी एकच सुट्टी होती. ती तू माझ्यासाठी त्या पावसात घातलीस. माझ्यासाठी असं दुसऱ्या कुणी केलं नसतं."

त्यानंतर माझ्यानं बोलवलं नाही. त्यांनी पुन्हा नळ सोडला. मी थोडा वेळ पाइप धरून त्यांना मदत केली आणि घरी आलो. बायकोनं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर तिला दिसलंच असावं.

साहेब गेले ते अचानक, एका सकाळी, बागेतच. शेजारच्या माळ्यानं पाहिलं आणि मला फोन केला. आम्ही तोपर्यंत पलीकडच्या बेटावर, बुसैतीनला राहायला गेलो होतो. पूल ओलांडून बुदैयाला पोचेपर्यंत अँब्युलन्स येऊन गेलीसुद्धा होती. त्यांच्या देशाच्या वकिलातीतून विचारणा झाली, जवळचं कुणी आहे का. मी गावाचा पत्ता दिला. बहिणीला कळवण्यात आलं. त्यांचा निरोप आला, की त्यांना प्रवास झेपणार नाही आणि तो इतकी वर्षं जिथे राहिला तिथेच त्याला ठेवावं. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही वर्कशॉपचे वीसेक लोक जमलो होतो. ज्या पंजाबी फोरमनला साहेबांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, तो लहान मुलासारखा रडत होता. मला रडू आलं नाही.

सामान आवरायला मीच गेलो. दुसरं कुणी नव्हतं. टेबलाच्या खणात तो फोटो होता आणि त्याच्याखाली ते पाकीट, तसंच बंद. मी ते घरी आणलं. पुढची चार वर्षं ते माझ्या कपाटात, पासपोर्टांच्या पिशवीत होतं. पोस्टानं पाठवता आलं असतं. दर वेळी रजेवर निघताना पासपोर्ट काढताना ते हाताला लागायचं.

मुलीनं शिकायला ग्लासगो निवडलं. मी सुचवलेलं नव्हतं. तिला साहेबांची आठवण होती म्हणून असेल, किंवा तिथला अभ्यासक्रम बरा म्हणून असेल. मी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी मी तिला भेटायला गेलो तेव्हा पाकीट घेऊन गेलो. "आपल्याला एका गावाला जायचं आहे," मी तिला म्हणालो. तिनं गाडी भाड्यानं घेतली आणि तीच चालवत होती.

मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. त्या अरुंद रस्त्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. समोरून ट्रॅक्टर येत होता म्हणून तिनं गाडी कडेला घेतली. ट्रॅक्टर गेला तरी ती निघेना.

"बाबा, ते मला सांगायचे, माझी एक बहीण आहे पण तिला मी आवडत नाही," ती म्हणाली. "दगड मारताना सांगायचे. मी सात-आठ वर्षांची होते. मी त्यांना म्हणायचे, मला तुम्ही आवडता."

मी काचेतून बाहेर पाहत राहिलो.

"तू त्यांना खरंच तसं वाटू दिलंस?"

"हो."

तिनं गाडी सुरू केली.

बटाट्याच्या वाफ्यांच्या जागी आता गवत होतं. फाटक उघडून मीच पुढे गेलो आणि दार वाजवलं. दार उघडायला वेळ लागला. त्या वाकल्या होत्या, हातात काठी होती, केस विरळ झाले होते. मी साहेबांचं नाव सांगितलं, मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आणि मुलीकडे पाहिलं आणि बाजूला होऊन आम्हाला आत घेतलं.

मी त्यांना आठवत नव्हतो. आठवण्याचं कारणही नव्हतं. वर्षभरात कितीतरी प्रवासी त्या रस्त्यानं जातात. चहा मुलीनं केला. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आधी पाठ करून गेलो होतो, पण वाक्यं जुळेनात. आई गेल्याबद्दल ते मला काय म्हणाले होते, त्यांनी मला कसं पाठवलं, मी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो, तुम्ही मला चहाला बोलावलं होतं, आणि मी परत जाऊन घर बंद होतं असं सांगितलं.

"घर बंद होतं," त्या म्हणाल्या, जणू नीट ऐकू आलं नाही म्हणून तपासून पाहावं तसं.

"हो. आणि त्यांना वाटलं, तुम्ही मुद्दाम उघडलं नाही."

त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, उघडलं नाही. "त्याची पहिली दोन पत्रं माझ्याकडे आहेत. मी उत्तर दिलं नाही, कारण मला पत्र नको होतं. पत्र लिहिणं त्याला नेहमीच सोपं जायचं. तो स्वतः यायला हवा होता." मग म्हणाल्या, "पण कुणाच्या हाती पाठवलं असतं, तर त्या माणसाला मी आत घेतलं असतं. बसवलं असतं. सगळं विचारलं असतं."

मी म्हणालो, "मला माफ करा."

त्यांनी दुसरंच विचारायला सुरुवात केली. घर कसं होतं. झाडं कुठली लावली होती. कुणी स्वयंपाक करून देत होतं का. मुलगी सांगत होती आणि मी मधे मधे भर घालत होतो. दगडांच्या उड्यांचं ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. "ते मी शिकवलं त्याला," म्हणाल्या. "मी धाकटी, पण माझाच दगड लांब जायचा."

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शेवटच्या दिवसांत तो माझ्याबद्दल बोलायचा का?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं ते मला स्पष्ट दिसलं. हो म्हण, एवढं तरी म्हण. माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. एक शब्द पुरे होता आणि त्या बाईंना तो आयुष्यभर पुरला असता.

"नाही," मी म्हणालो. "मी इथून परत जाऊन ते सांगितलं, त्यानंतर त्यांनी माझ्यापाशी तुमचा विषय पुन्हा कधी काढला नाही."

त्यांनी मान हलवली. मुलीनं कपबशा उचलल्या आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज येत राहिला, कपबशा धुऊन व्हायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ.

मी त्या दिवशी खरं बोललो ते बरोबर केलं की नाही, हे मला ठरवता येत नाही. बायको म्हणते, "एकदा खोटं बोलून दुखवलं, एकदा खरं बोलून." ती टोमणा म्हणून म्हणत नाही, तिला तसं दिसतं म्हणून म्हणते. पण मला वाटलं होतं, की या घरात माझ्या तोंडून आणखी एक खोटं शिरू नये. माझ्या समाधानासाठी मी ते केलं असेन तर तीही चूकच.

निघताना त्या दारापर्यंत आल्या नाहीत. मुलीला मात्र म्हणाल्या, "तू ये. जमेल तेव्हा ये."

ती जाते. महिन्यातून एखाद्या रविवारी, आता ओळख झालेल्या मित्रमैत्रिणींपैकी कुणाची तरी गाडी घेऊन. गेल्या हिवाळ्यात बाई घसरून पडल्या, त्यानंतर त्यांना मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं आहे. घरात सुट्टीला येणारे लोक राहतात. मुलगी त्यांना गाडीनं लॉखवर नेते आणि चाकांच्या खुर्चीतून फिरवते. दोघी काय बोलतात ते ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. पत्र त्यांनी उघडलं का, हेसुद्धा मला माहीत नाही. साहेबांच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते त्यांनी मुलीच्या हाती लिहून पाठवलं: नाव आणि गावाचं नाव, बाकी काही नाही. ते मी करून घेतलं आणि फोटो मुलीला पाठवला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला, एवढंच तिनं कळवलं.

परवा फोनवर ती म्हणाली, "बाबा, मी काल त्यांना विचारलं. म्हटलं, बाबा पुढच्या महिन्यात येणार आहेत, तुम्हाला भेटायला आणू का?"

"मग?"

"त्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, अजून नको."

"अजून नको म्हणाल्या?"

"हो. अजून नको."

मी म्हणालो, बरं. मग तिच्या परीक्षेबद्दल विचारलं.